रडत पेरणी, गात सुगी



पाऊस लांबला की पोटात कसा गोळा येतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. आमचे तिसगाव पाथर्डी तालुक्यातले, अवर्षणाच्या पट्ट्यातले. १९७२ च्या दुष्काळात इकडच्या बायाबापड्यांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. अशा वर्षी कणगीच्या तळाला उरलेले दाणे लेकरांच्या भाकरीला घ्यायचे, की बियाणे म्हणून मातीत टाकायचे? पेरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी का येते, ते अशा वेळी कळते.

बायबलातील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतले १२६ वे वाचा. त्यातला शेतकरी बी घेऊन रडत शेतात जातो आणि सुगीला पेंढ्या घेऊन आनंदाने गात घरी येतो. येशूनेही मरणाच्या थोडे दिवस आधी गव्हाच्या दाण्याचाच दाखला दिला. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. मेला तर पुष्कळ पीक देतो. दोन्हींत शेताचा एकच नियम आहे. आम्ही ख्रिस्ती माणसे या स्तोत्रांत ख्रिस्ताचा विजय पाहतो, तो याच नियमाने.

२२ वे स्तोत्र घ्या. ते दावीद राजाच्या नावाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधीचे. देवाने आपल्याला का टाकले, या आक्रोशाने ते सुरू होते. लोक टवाळी करतात, माना डोलावतात, त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकतात. यहुदी लोक हे स्तोत्र आपल्या अर्थाने गातात. पण मत्तय आणि मार्क सांगतात, की वधस्तंभावर येशूच्या तोंडी याच स्तोत्राचे पहिले शब्द आले. पुष्कळजण तेवढेच वाचून थांबतात. शेवटपर्यंत वाचले, तर दिसते की रडणारा तोच माणूस मंडळीत उभा राहून देवाची स्तुती करतो, दीनदुबळे पोटभर जेवतात आणि पृथ्वीच्या टोकापर्यंतचे लोक देवाकडे वळतात. पुढे २३ व्यात मेंढपाळ आपल्या मेंढराला अंधाऱ्या दरीतून नेतो आणि २४ व्यात गौरवशाली राजासाठी वेशीचे दरवाजे उघडतात. आधी दुःख, मग सोबत, मग गौरव, असा हा क्रम मला मोठा धीर देतो.

तसेच ११८ वे. गवंड्यांनी नापसंत करून टाकलेला दगड कोपऱ्याचा मुख्य दगड झाला, असे ते सांगते. येशूने ते स्वतःला लावून घेतले. आपल्या नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले, त्यांत महार-मांग समाजातली माणसे पुष्कळ होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या त्या माणसांना टाकलेल्या दगडाची गोष्ट फोड करून सांगावी लागली नसेल. देवाने टाकाऊ दगड उचलला, तर आपल्यालाही तो उचलील, एवढे त्यांना उमगले. पुढे नगरला राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले आणि ही श्रद्धा आपल्या मातीच्या चालीवर गायली जाऊ लागली.

आता कोणी म्हणेल, स्तोत्र वाचून का पाऊस पडणार आहे? नाही पडणार. विहीर खोल करावी लागते, बांध घालावा लागतो, कर्जाचा हप्ता भरावा लागतो. पण पीक गेलेल्या रात्री माणसाला वाटते, की आता सगळे संपले. त्या एका विचाराने कितीतरी घरे उघडी पडली आहेत. अशा वेळी २२ वे स्तोत्र त्याच्या रडण्याला लाज आणीत नाही, आणि त्याला तिथेच बसूही देत नाही.

म्हणून सांगणे एवढेच. आपण कोणत्याही धर्माचे असा, शेजारच्या ख्रिस्ती घरातून बायबल मागून आणा आणि जेवणे उरकल्यावर घरच्यांना २२ वे स्तोत्र मोठ्याने वाचून दाखवा. मात्र अर्ध्यावर थांबू नका. घरात कोणी गप्प-गप्प राहत असेल, तर त्याला आधी जवळ बसवा.