सकाळी सात, ट्रोकाडेरो

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर गर्दी नसलेला फोटो हवा असेल तर उजाडायच्या आत ट्रोकाडेरोच्या चौथऱ्यावर हजर व्हावं लागतं. सप्टेंबर सरताना तिथे सूर्य पावणेआठच्या आसपास उगवतो, म्हणून आम्हाला सातची वेळ मिळाली होती. जूनमध्ये जाणाऱ्यांनी पाचची तयारी ठेवावी. नऊ वाजले की टूर कंपन्यांच्या बसगाड्या येऊ लागतात, कड्यात ओवलेले छोटे टॉवर खुळखुळवत विक्रेते फिरू लागतात, आणि मग कठड्याजवळ खांदा शिरेल एवढीही जागा उरत नाही.

हा सगळा कारभार आमच्या लेकीचा. ती जर्मनीत नोकरी करते आणि आम्हाला न विचारता बुकिंग करून मोकळी होते. मी कुरकुर केली तर म्हणाली, "बाबा, तुमच्या कुठल्याही ट्रिपचे फोटो काढून बघा. एकात आई आहे, एकात तुम्ही. दोघं एकत्र असलात तर तो कुणा वाटसरूने काढलेला आणि मागचं देऊळ निम्मं कापलेलं." हे खोटं नव्हतं. लग्नानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो, पण एकमेकांचे फोटो काढत हिंडलो.

सुट्टीवर आलेल्यांचे फोटो काढून देणं हा आता मोठ्या शहरांतला रीतसर धंदा आहे. ऑनलाइन जागा निवडायची, तारीख आणि वेळ ठरवायची, अर्धा तास की एक तास ते सांगायचं, पैसे आधी भरायचे. काही दिवसांनी लिंक येते आणि ठरलेल्या संख्येएवढे फोटो आपले होतात. जास्तीचे हवे असतील तर पुन्हा खिशात हात. पाऊस आला तर तारीख बदलून मिळते का, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. युरोचे रुपये करू नका, असं लेकीने बजावलं होतं. मी केलेच. तेवढ्यात ठाण्यात मुंजीचा अख्खा अल्बम झाला असता.

फोटोग्राफर मूळची ब्राझीलची, पॅरिसला शिकायला आली आणि इथेच राहिली. पाठीवर सॅक, गळ्यात दोन कॅमेरे. बायकोने इरकल नेसली होती आणि खाली बूट घातले होते, कारण आदल्या दिवशी चपलांनी दगडी रस्त्यांवर तिचे हाल केले होते. त्या मुलीने साडी निरखली आणि पदर वाऱ्यावर सोडायला खुणेने सांगितलं. "अहो, हिला सांगा, पदराला पिन आहे आणि ती मी काढणार नाही." मी सांगितलं. आमच्या पिढीचं पॅरिस शक्ती सामंतांच्या 1967 च्या 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस'मधून आलेलं, त्यामुळे पदर उडायला हवा याबद्दल माझं फोटोग्राफरशी एकमत होतं; पण ते मी मनातच ठेवलं.

तिचं पहिलं वाक्य मला अनपेक्षित होतं: थांबू नका, चालत राहा, आपापसात बोला, माझ्याकडे बघू नका. आमच्या लहानपणी स्टुडिओत फोटो काढायचा म्हणजे श्वास रोखून उभं राहायचं. त्याचं मूळ याच शहरात आहे. 1838 मध्ये लुई दागेरने आपल्या खिडकीतून बूलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं. रस्ता वर्दळीचा, घोडागाड्यांचा. पण पत्रा काही मिनिटं उजेडात ठेवावा लागे, त्यामुळे जे जे हलत होतं ते ते पुसलं गेलं. चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस पाय वर ठेवून उभा आहे, बहुधा बुटाला पॉलिश करून घेतोय, म्हणून तो तेवढा उरला. ज्यांचा फोटो आज ठाऊक आहे अशा माणसांत तो आणि त्याचे बूट चकाकवणारा हे पहिले धरले जातात. दोघांची नावं कुणाला माहीत नाहीत. पुढच्या वर्षी, 19 ऑगस्ट 1839 ला, फ्रेंच सरकारने दागेरला आणि त्याचा दिवंगत भागीदार निएप्सच्या मुलाला तहहयात वेतन देऊन ही कृती पॅरिसच्या अकादमीत जाहीर करून टाकली.

त्यानंतर धंदा उभा राहायला वेळ लागला नाही. दिस्देरी नावाच्या पॅरिसच्याच फोटोग्राफरने 1854 मध्ये एका काचेवर अनेक छोट्या तसबिरी घ्यायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. तसबीर स्वस्त झाली, व्हिजिटिंग कार्डाएवढी झाली, आणि जो तो नकली खांबाला टेकून, रंगवलेल्या बागेसमोर उभा राहून आपली छबी वाटू लागला. आता खांब खरे आहेत आणि मागचा टॉवरही खरा आहे. सहलीतल्या फोटोशूटला नव्या पिढीचं खूळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी, मी त्यात आलोच, हा इतिहास लक्षात घ्यावा.

आम्ही ज्या चौथऱ्यावर चालत होतो तो शायो टेकडीवरच्या राजवाड्याचा. राजवाडा म्हणायचं एवढंच. राजा इथे कधी राहिला नाही. 1878 च्या जागतिक प्रदर्शनासाठी इथे एक इमारत बांधली होती, ती 1937 च्या प्रदर्शनासाठी पाडून वळणदार अशा दोन बाजू उभ्या केल्या आणि मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेतून टॉवर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसतो. आजचे सगळे फोटोग्राफर त्या वास्तुरचनाकारांच्या निर्णयावर पोट भरतात. त्याच प्रदर्शनात खालच्या बाजूला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांची दालनं एकमेकांसमोर छाती काढून उभी होती. जर्मन दालनाचा आराखडा अल्बर्ट स्पीअरचा.

तो स्पीअर तीन वर्षांनी पुन्हा इथे आला. 1940 च्या जूनमध्ये पॅरिस पडल्यावर हिटलर भल्या सकाळी शहर बघायला आला. सोबत स्पीअर, शिल्पकार आर्नो ब्रेकर आणि स्वतःचा फोटोग्राफर हाइनरिश हॉफमान. ऑपेरा, मग शाँझेलिझे, मग ट्रोकाडेरो. इथे तिघे टॉवरकडे पाठ करून चालत आले आणि हॉफमानने फोटो घेतला. तो तुम्ही पाहिलेला असणार. निर्मनुष्य चौथरा, मागे टॉवर, मधोमध तो. काही तासांत आटोपलेली ही त्याची पॅरिसची एकमेव सहल. फ्रेंचांनी टॉवरच्या लिफ्टचे दोर तोडून ठेवले होते, त्यामुळे वर जाणं झालंच नाही. आमच्या फोटोग्राफरला मी विचारलं की हिटलर नेमका कुठे उभा होता. ती म्हणाली, गिऱ्हाइकं हे कधी विचारत नाहीत. मग आम्हाला चार पावलं बाजूला घेऊन म्हणाली, इथे प्रकाश जास्त चांगला आहे.

त्या चौथऱ्याचं आजचं नाव मानवी हक्कांचं प्रांगण आहे आणि ते उगाच दिलेलं नाही. 10 डिसेंबर 1948 ला याच शायो राजवाड्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला: 48 देश बाजूने, विरोधात कुणी नाही, 8 तटस्थ. मसुदा करणाऱ्या आयोगात भारताच्या वतीने हंसा मेहता होत्या; मुंबईतून संविधान सभेवर गेलेल्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती, तिच्या जागी 'सर्व मानव' आलं ते त्यांनी धरून ठेवल्यामुळे. ही गोष्ट मी बायकोला सांगितली तेव्हा ती टॉवरकडे बघून हसत होती, आणि तो फोटो सगळ्यांत चांगला आला आहे.

पायाखाली एक कोरलेली फरशी आहे. फादर जोसेफ रेसिन्स्की यांच्या हाकेवरून 17 ऑक्टोबर 1987 ला इथे एक लाख माणसं जमली आणि ही फरशी बसवली गेली. माणसाला दारिद्र्यात जगायला लावणं हा हक्कांचा भंग आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 17 ऑक्टोबर हाच दारिद्र्य निर्मूलनाचा दिवस ठरवला. आमच्या शेजारी एक नवपरिणीत जोडपं होतं, त्यांच्या फोटोग्राफरने ट्रायपॉडची पिशवी, फुलांचा गुच्छ आणि नवरीच्या बदलायच्या चपला नेमक्या त्या फरशीवर ठेवल्या होत्या.

टॉवरबद्दल लिहायला फारसं काही उरलेलं नाही. 1889 मध्ये वीस वर्षांच्या बोलीवर उभा राहिला, लेखक-कलावंतांनी तो बांधून होण्याआधीच निषेधाचं पत्र काढलं, आणि 1909 मध्ये पाडायचा तो बिनतारी संदेशांना उपयोगी पडला म्हणून वाचला. फोटो काढणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. दिवसाच्या टॉवरवर कुणाचा हक्क नाही, पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते. आपला घरगुती फोटो बिनधास्त काढावा; तोच जाहिरातीत वापरायचा असेल तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते.

पॅकेजमधली दुसरी जागा होती बीर-हकीम पूल. ट्रोकाडेरोपासून चालत पंधरा मिनिटं. खाली मोटारी, वर खांबांवरून धावणारी सहा नंबरची मेट्रो, आणि दोन्हींच्या मधून पायी जायची वाट. लोखंडी खांबांची रांग एवढी देखणी की सिनेमावाल्यांनी तिला कधी सोडलं नाही. 'लास्ट टँगो इन पॅरिस' इथला आणि 'इन्सेप्शन'ही इथला. फोटोग्राफरने आम्हाला खांबांमधून लांबून चालत यायला सांगितलं. डोक्यावरून गाडी गेली की पूल थरथरतो आणि बोललेलं ऐकू येत नाही.

1905 मध्ये पुरा झालेला हा पूल आधी पासीचा पूल होता. 1948 मध्ये त्याला लिबियाच्या वाळवंटातल्या एका ठाण्याचं नाव दिलं. 1942 च्या मे-जूनमध्ये जनरल केनिगच्या हाताखाली सुमारे 3,700 'फ्री फ्रेंच' सैनिकांनी बीर हकीम दोन आठवडे रोमेलपासून लढवलं. पुलावरच्या फलकात नसलेली हकिकत अशी की तिथून काही मैलांवर तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड होती आणि 27 मे रोजी ती रणगाड्यांखाली चिरडली गेली. पकडलेल्या शेकडो भारतीय सैनिकांना शत्रूने पाण्यावाचून वाळवंटात सोडून दिलं. ते तहानेने व्याकूळ होऊन बीर हकीमला पोचले, आणि वेढ्यात सापडलेल्या, स्वतःच पाणी मोजून पिणाऱ्या फ्रेंचांनी त्यांना आपल्यातलं पाणी दिलं. भारतीय पर्यटकांना या पुलावर आणणाऱ्या एखाद्या तरी मार्गदर्शकाने हे सांगावं, अशी माझी इच्छा आहे.

पूल उतरला की ग्रनेल भागात एक सायकल शर्यतींचं स्टेडियम होतं, वेल दिव्ह. 16 आणि 17 जुलै 1942 ला फ्रेंच पोलिसांनीच पॅरिसमधल्या सुमारे 13,000 ज्यूंची धरपकड केली, त्यांत 4,000 हून जास्त मुलं. कुटुंबकबिल्यासह हजारो लोक उन्हाळ्यात त्या स्टेडियममध्ये कोंडले गेले आणि पुढे छळछावण्यांकडे पाठवले गेले. इमारत आता नाही. नदीकाठी 1994 पासून एक स्मारक आहे: वळणदार ओट्यावर ब्राँझची माणसं बसलेली, एक गरोदर बाई, मुलं, एक आजारी माणूस, शेजारी सूटकेस. फ्रेंच राज्याची जबाबदारी अध्यक्ष शिराक यांनी 1995 मध्ये प्रथम उघड मान्य केली. आणि ज्या शहराने जगाला फोटो दिला, तिथे घडलेल्या या धरपकडीचा खात्रीचा म्हणून आज एकच फोटो आहे. त्यात स्टेडियमबाहेर उभ्या बसगाड्या दिसतात. आतला म्हणून वर्षानुवर्षं छापला जाणारा फोटो 1944 मधल्या वेगळ्याच कैद्यांचा निघाला.

आमचा तास संपला होता. पैसे वसूल झाले का, असं नात्यातल्या सगळ्यांनी विचारलं. झाले. फोटो चांगले आहेत म्हणून तर झालेच, पण एरवी जिथे पाच मिनिटांत सेल्फी उरकून पुढे पळतो तिथे तासभर रेंगाळावं लागलं, हा फायदा कुठल्याच पॅकेजात लिहिलेला नसतो.

तुम्ही करणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, बूट आरामाचे घाला, आणि दोन जागांत बीर-हकीम धराच. शूट झाल्यावर फोटोग्राफरचा निरोप घ्या, ग्रनेलच्या काठाने त्या स्मारकापर्यंत चालत जा, आणि तिथे मोबाइल खिशातच ठेवा.