वजा आकड्यांतला पाऊस

वडिलांनी 1967 च्या जूनपासून चिपळुणात पाऊस मोजला. नोकरी त्या खात्यातली नव्हती आणि कुणी सांगितलंही नव्हतं. अंगणात पर्जन्यमापक, सकाळी साडेआठला पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वहीत लिहायचे, शेजारी एका ओळीचा शेरा. साडेआठच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. पाऊस नसला तर शून्य, पण ते लिहायचंच. आईच्या मते हा छंद नव्हता, खूळ होतं.

ते गेल्यावर मापक मी आमच्या उंचावरच्या घरी आणला आणि वह्यांतल्या नोंदी सवडीने फोनमधल्या एका ॲपमध्ये उतरवल्या. माझ्या रोजच्या नोंदीही तिथेच जाऊ लागल्या. वह्या बाजारपेठेतल्या जुन्या घरी राहिल्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारात शिरली, तळमजले बुडाले आणि वह्यांचा लगदा झाला. राहिलं ते फोनमधलं.

ॲप महिन्याचा आलेख झोकात दाखवायचं, पण सगळ्या नोंदी एकगठ्ठा बाहेर काढायची सोय त्यात नव्हती. बनवणाऱ्याने मध्येच त्याचा नाद सोडला, ते स्टोअरवरून नाहीसं झालं, मेलला उत्तर येईना. युरोपात आपला डेटा सुटसुटीत रूपात परत मागायचा हक्क 2018 पासून आहे. आपल्याकडे 2019 च्या विधेयकात तो होता, 2023 च्या कायद्यातून गळाला. असता तरी मी बजावणार कुणावर?

मग फोनची बॅटरी फुगली आणि मी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पंचविशीतला मुलगा. त्याने फोन उलटसुलट करून विचारलं, "काका, तुम्हाला फोन हवाय की आतलं?"

हा प्रश्न त्याला पुराने शिकवला होता. त्याचं स्वतःचं दुकान पाण्याखाली गेलेलं, आणि तरी चिखलाने भरलेले फोन घेऊन लोक दारात उभे. फोन कुणालाच नको होता. लग्नाचे फोटो हवे होते. कुणाला वारलेल्या आईचा व्हॉट्सॲपवरचा आवाज. त्या दिवसांत रात्ररात्र बसून तो फोनमधलं आतलं बाहेर काढायला शिकला.

नवी बॅटरी बसवल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याने मला बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायला लावली. तुम्ही आता डेव्हलपर झालात, असं फोनने जाहीर केलं. साठी उलटल्यावर ही बढती! मग केबल लावून त्याने लॅपटॉपवर एक आज्ञा दिली आणि फोनकडून त्या एकाच ॲपचा बॅकअप मागितला. फोन जुना होता हे नशीब. अँड्रॉइड 12 पासून ही वाट बऱ्याच ॲपना बंद झाली आहे. बनवणाऱ्यानेही बॅकअपला मनाई केलेली नव्हती. गाठोडं सुटलं, त्यातून एक फाइल निघाली. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळी अगम्य चिन्हं, पण अगदी सुरुवातीला 'एसक्यूलाइट फॉरमॅट 3' एवढं वाचता आलं. "मग झालं काम," तो म्हणाला.

झालं नव्हतं. तारखांच्या रकान्यात लांबलचक आकडे होते, आणि पहिल्या शेकडो ओळी चक्क उणे. फाइल बिघडली की काय म्हणून तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याच्याच लक्षात आलं की फोनचं घड्याळ 1 जानेवारी 1970 पासून मिलिसेकंद मोजतं; त्याच्या आधीचं सगळं वजा. एक ओळ त्याने सोडवून पाहिली. -64962000000 म्हणजे 11 डिसेंबर 1967, पहाटेचे तीन. तीन कसे? ग्रिनिचची वेळ ती. साडेपाच तास मिळवले आणि साडेआठ वाजले. शेरा होता: "पाऊस 0. पहाटे भूकंप." कोयनेच्या भूकंपालाही वडिलांनी शून्यानंतरच जागा दिली होती.

त्या फाइलचा साचा रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसाचा. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या कामातून 2000 साली ते सॉफ्टवेअर जन्मलं, आणि हिपने त्यावरचा हक्कच सोडून दिला. परवान्याची कलमं असतात तिथे एक आशीर्वाद आहे: मोकळ्या हाताने वाटा, दिल्याहून जास्त घेऊ नका, अशा अर्थाचा. त्या माणसाला मी कधी भेटणार नाही. तो साचा जगाला खुला नसता तर या मुलाला त्या फाइलपुढे हात टेकावे लागले असते.

सगळं एक्सेलमध्ये उतरल्यावर त्याने आपणहून जुलै 2021 काढला. बावीस तारखेला आकडा नाही, नुसता माझा शेरा: "मापक ओसंडला." आदल्या चार दिवसांच्या नोंदी तो बराच वेळ वाचत बसला.

बॅटरीचे आणि नव्या केबलचे पैसे त्याने पावती देऊन घेतले. बाकीच्या कामाचं विचारलं तर म्हणाला, "त्याचा रेट मी ठरवलेलाच नाही. पावसाळ्यात रोजचा आकडा मला पाठवत जा."

पाठवतो. नऊपर्यंत गेला नाही तर त्याचं प्रश्नचिन्ह येतं. माझ्या अंगणातल्या पावसावरून पूर कळत नाही, असं मी त्याला समजावून पाहिलं.

"ते माझं मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही पाठवा."