नांगराची निशाणी

पोळ्याला आमचे बैल गावभर मिरवतात, पण धाकट्या पातीच्या दारावरून जात नाहीत. माझ्या आठवणीत एकदाही गेले नाहीत. सुतक आम्ही एकमेकांचं पाळतो, लग्नाच्या पंगतीला मात्र बसत नाही. कारण आंब्याचं शेत. पणजोबांना दारू पाजून त्यांच्या चुलतभावानं कोऱ्या कागदावर निशाणी घेतली आणि शेत गिळलं, ही गोष्ट आप्पांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली आणि मी आप्पांच्या.

मी निघालो होतो वंशावळ करायला. तलाठ्याकडे सात-बारा मिळाला, जुने फेरफार तहसिलात सापडले. त्याच्या मागे गेलं की सगळी मोडी. म्हणून मोडीच्या वर्गाला बसलो आणि थोडंफार अडखळत वाचता येऊ लागल्यावर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करायचे. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. राजेरजवाड्यांचे कागद असतात तिथे आपल्या घरचं काय मिळणार, असं मला वाटत होतं. पण आमच्या भागातल्या एका सावकाराच्या घरचे रुमाल तिथे आलेले होते.

दोन दिवस नुसती धूळ आणि परक्यांची नावं. मोडीत शब्द तोडलेले नसतात. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं गाव दिसलं, मग आडनाव, मग पणजोबांचं नाव. मी तिथल्या जाणत्या गृहस्थांना हाक मारली. त्यांनी कागद उजेडाकडे धरून सरळ वाचून काढला.

शके 1821, मार्गशीर्ष. म्हणजे 1899 चा डिसेंबर, छपन्याचा काळ. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. पोटाला आणि बैलांच्या चाऱ्यासाठी पंच्याऐंशी रुपये घेऊन पणजोबांनी आंब्याचं शेत सावकाराला लिहून दिलं होतं. चुलतभावाला नाही, सावकाराला! खाली साक्षीदार म्हणून चुलतभावाचं नाव. त्याच रुमालात सहा वर्षांनंतरचा दुसरा कागद: तेच शेत सावकाराकडून चुलतभावानं रोख पैसे मोजून घेतलं.

पहिल्या कागदाच्या शेवटी पणजोबांची निशाणी होती. अंगठा नव्हे, नांगर. लिहिता न येणारा कुणबी तेव्हा सही म्हणून नांगर काढायचा. तीन रेघांचा तो नांगर, रुमण्यापाशी शाई जरा पसरलेली. हात थरथरला असेल की बोरूच वाईट होता, कोण जाणे. दारू पिऊन इतकी नीट रेघ येत नाही, एवढं मात्र मला वाटलं. अर्थात सावकाराच्या घरचा कागद म्हणजे काही वेदवाक्य नाही. पंच्याऐंशी लिहून साठच हातावर ठेवले असतील, तर ते कागद सांगणार नाही. पण कोऱ्या कागदाची गोष्ट काही खरी दिसत नव्हती.

घरी येऊन सांगायचं की नाही, यात चार दिवस घालवले. आप्पा ब्याऐंशीचे. त्यांचा लहानपणीचा जिवाभावाचा सोबती धाकट्या पातीतला. एका विहिरीत पोहायला शिकलेले. तो वारला तेव्हा आप्पा लांब लिंबाखाली उभे होते, खांदा दिला नाही.

अखेर संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. आप्पा आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाच बरं आखो एकदाव." पुन्हा वाचलं. साक्षीदाराच्या नावाशी त्यांनी मला थांबवलं. "नाव बराबर शे ना?" मी हो म्हटलं. झेरॉक्स हातात घेऊन त्यांनी नांगरावरून बोट फिरवलं. अंधार पडला, आईनं जेवायला हाक मारली, ते उठले नाहीत.

सकाळी मी निघताना पिशवी उचलून देत म्हणाले, "त्यासले दाखाडं का?"

"नाही अजून."

त्यावर ते गोठ्याकडे गेले. मी झेरॉक्स दोन काढल्या होत्या. दुसरी अजून माझ्या पिशवीत आहे. पोळ्याला आठ दिवस उरलेत.