कान आपले, कारभार लोकांचा

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. लगोलग बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. बाळाला नावही कळत नाही आणि धपाट्यांचं कारणही. पण कान लोकांच्या ताब्यात जायला सुरुवात होते ती तिथूनच. मग सोनार येऊन टोचतो, शाळेत गुरुजी पिळतात, घरी वडील उपटतात. लग्नानंतर कोणी भरतं, कोणी फुंकतं.

मराठी वाक्प्रचारांत कानाच्या मालकाला फारसं काम नाही. त्याच्या वाट्याला बहुतेक बचावच येतो: कानावर हात ठेवावेत, कानाला खडा लावावा, नाहीतर कानाडोळा करावा. कानाला पापणी नाही, म्हणून डोळ्याची मदत घ्यायची.

भरलेल्या कानाची सगळ्यात मोठी किंमत अयोध्येने मोजली. मंथरेने कैकेयीचे कान भरले आणि रामाला 14 वर्षं वनवास घडला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा बागेत झोपलेला असताना सख्खा भाऊ त्याच्या कानात खरोखरचं विष ओततो. मंथरेला कुपीसुद्धा लागली नाही. भिंतींना कान असतात, हे मात्र इंग्रज आणि मराठी माणूस दोघंही मानतात. बैलबाजारातले जुने दलाल तर उघड्या माळावरही धोका पत्करत नसत. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे.

पण सगळेच कान असे लोकांच्या ताब्यात राहत नाहीत. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि मुलगा मंडपातून पळाला, असं परंपरा सांगते. आता, ते ‘सावधान’ करवल्यांनी ऐकलं, मामांनी ऐकलं, स्वयंपाक्यांनीही ऐकलं असणार. ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले. अक्षता टाकायची खूण, याहून जास्त त्यांना त्यात काही दिसत नव्हतं. नारायणाने तो शब्द अर्थासकट घेतला. एखादा व्यवहारी पाहुणा त्याला हलक्या कानाचा म्हणालाही असेल.

पुढे याच माणसाचा ‘दासबोध’ सुरू होतो तो श्रोत्यांच्या प्रश्नाने. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला, भागवताच्याच क्रमाने; शिवाय सातव्या दशकात श्रवणावर आणखी 2 समास. संप्रदाय सांगतो की समर्थ बोलत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले. म्हणजे 20 दशकं, 200 समास आधी एका शिष्याच्या कानातून गेले. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणारा लेखनिक तिथे परवडला नसता.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. मराठीची मोजपट्टी त्याहून सुटसुटीत आहे: एका टोकाला कानाला गोड, दुसऱ्या टोकाला कानठळ्या. लग्नसराईत डीजे लावून नवरदेवाचा परण्या निघतो तो थेट दुसऱ्या टोकापासूनच. मारुतीच्या पारापासून मंडपापर्यंत वऱ्हाड खाणाखुणांनी बोलतं आणि मंगलाष्टकं सुरू करण्याआधी ‘डीजे बंद करा’ हे सांगायला भटजींना माणूस पाठवावा लागतो.