चिंचोळीच्या अंगणांत आंखलेली नौका

सोलापूरकरापाशीं नौकेंत संसार थाटण्याची गोष्ट काढली, तर तो प्रथम बोलणाराच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. आमचा आणि पाण्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या काटकसरीचा. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व जिल्ह्यांत कालवे खेळूं लागले हें खरें; पण या कालव्यांना पाणी सुटतें तें पाळीनें. पाळी संपली कीं तळ उघडा पडतो. तेथें नौका बांधली, तर ती वर्षांतील कित्येक महिने चिखलावर बसून राहील. म्हणूनच, ‘येथील घरभाडें परवडत नाहीं, आम्ही उभयतां कालव्यावरील नौकेंत राहूं म्हणतों, ती केवढी घ्यावी याविषयीं वडील मंडळींचें मत हवें,’ असें माझ्या पुतण्यानें बर्मिंगहॅमहून कळविलें, तेव्हां घरांत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

या प्रश्नाचा निकाल लागला तो चिंचोळीस. पुण्याच्या रस्त्यानें सोलापूर सोडलें, कीं मोहोळच्या अलीकडे ही औद्योगिक वसाहत लागते. एमआयडीसी या अक्षरांनींच तिला सारे ओळखतात. सपाट माळ, बाभळीचीं झुडपें, पत्र्याच्या उंच शेडी, यंत्रांची घरघर आणि रस्त्याच्या कडेला विसावलेल्या मालमोटारींची रांग, असें तिचें रूप. निसर्गशोभा पाहावयास येथें कोणी येत नाहीं. परंतु एखाद्या मालमोटारींत सहज डोकावावें. चालकाच्या पाठीमागें फळीएवढा बिछाना, वर देवाची तसबीर, दोरीवर पंचा आणि कोपऱ्यांत स्टोव्ह! इतक्याशा जागेंत माणसाचा अर्धा जन्म जातो.

इंग्लंडांतील जुन्या नावाड्यांचें जिणें असेंच होतें. फरक इतकाच, कीं त्यांचीं बायकामुलेंही बरोबर असत. रेल्वेच्या चढाओढीनें त्यांची मिळकत घटली, काठावरचें घर परवडेना, आणि मजुरी देऊन गडी ठेवण्याऐवजीं कुटुंबच नौकेवर राबूं लागलें. सारी नौका मालासाठीं. कुटुंबाला मागच्या टोकाची आठ-दहा फुटांची कोठडी. या मुलांचे हाल पाहून जॉर्ज स्मिथ नांवाच्या गृहस्थानें चळवळ केली आणि १८७७ सालीं पार्लमेंटनें त्यासाठीं कायदा केला. त्याखालील नियमांनीं मोठ्या माणसामागें ६० व बारा वर्षांखालील मुलामागें ४० घनफूट हवा ठरवून दिली. नौकेंत किती माणसें राहूं शकतील याचें पहिलें सरकारी माप तें हेंच.

रुंदीचें माप त्याहून जुनें आहे. जेम्स ब्रिंडली या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें १७६६ पासून ट्रेंट-मर्सी कालव्याचें काम चाललें. कालवा चढावर नेण्यासाठीं दोन्ही टोकांस दरवाजे असलेली हौदासारखी कोठी बांधतात, तिला लॉक म्हणतात. तींत पाणी भरलें कीं नौका वर उचलली जाते. ब्रिंडलीनें पाणी व पैसा वाचविण्यासाठीं हे लॉक सुमारें ७ फूट रुंद व ७२ फूट लांब ठेवले. बर्मिंगहॅमच्या आसपासचे पुष्कळसे कालवे याच मापाचे. म्हणून तेथील नौका आजही सात फुटांहून किंचित् कमी रुंद असते. लांबीला दुसरी अडचण आहे. यॉर्कशायरमधील एका जलमार्गाचे लॉक सुमारें ५७ फुटांचेच आहेत. देशभर कोठेंही फिरावयाचें असेल, तर लांबी तेवढीच ठेवावी असा जाणत्यांचा सल्ला असतो.

आतां आमच्या घरचा पेंच पाहा. पुतण्याला सात फुटी नौका हवी होती, कारण तींतून शहराच्या मध्यापर्यंत, कामाच्या जागेजवळ जातां येतें. सूनबाईंचा आग्रह बारा फुटी नौकेचा. ‘आजी आल्या, तर त्यांना स्वतंत्र खोली नको का?’ हें त्यांचें म्हणणें, आणि त्याला खोडून काढणें कठीण. धाकट्या भावाचा चिंचोळीस लहानसा कारखाना आहे. त्यानें वाद थांबविला. ‘घर बांधतांना फक्कीनें आंखून पाहतों, तशीच नौका पाहूं,’ असें म्हणून त्यानें अंगणांत दोरी धरली आणि ५७ फूट लांब व ७ फूट रुंद रेघा पाडल्या. पुढचा व मागचा उघडा भाग वजा जातां राहण्यास सुमारें ४५ फूट उरले. भिंतींची जाडी गेली. चूल, मोरी, बिछाना यांच्या कडेनें दोन फुटांची वाट राहिली.

आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या काठी टेकीत त्या वाटेनें या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. मध्यें सूनबाईंच्या जागीं माझी पत्नी उभी होती. एकीनें मागें सरल्याखेरीज दुसरीला जातां येईना. ‘येथें रुसून बसावयास कोपरा नाहीं, भांडण जागच्या जागींच मिटवावें लागेल,’ त्या म्हणाल्या. मग शेजारीं बारा फुटी नौका आंखली. ती ऐसपैस दिसली. ‘ही त्याच्या कामापाशीं जाते का?’ त्यांनीं विचारलें. मधले लॉक अरुंद असल्यानें जात नाहीं. शिवाय कायमची बांधण्याची जागा घेतली नाहीं, तर साधारणपणें एका ठिकाणीं चौदा दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. म्हणजे रुंद नौकेला फिरावयास वाटा थोड्या.

‘मी गेलें तर महिनाभर जाईन, तीं दोघें बाराही महिने राहणार,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या खोलीसाठीं त्यांनीं आडवळणीं कां राहावें? अरुंदच घ्या.’ मात्र पुढच्या दाराजवळ, जेथें पायऱ्या कमी, तेथें सहा फूट लांब व अडीच फूट रुंद पलंग त्यांनीं आंखून घेतला आणि त्यावर सामान रचूं नये असें बजावून कळविण्यास सांगितलें. इतका लांबचा प्रवास त्यांच्यानें होईल का, हा प्रश्न त्या वेळीं कोणीं काढला नाहीं.

आज कित्येक घरचीं मुलें परदेशीं आहेत आणि तेथील बिऱ्हाडाविषयीं वडिलांचें मत विचारतात. अशा वेळीं नुसत्या आंकड्यांवरून मत देऊं नये. ज्या वाटांनीं रोज जावयाचें, त्यांतील सर्वांत अरुंद वाट प्रथम विचारावी. मग रोज राहणारीं माणसें मोजावीं. पाहुण्यांचा विचार त्यानंतर, पण अवश्य करावा. आणि अंगण असेल तर फक्की टाकून घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला त्या रेघांमधून एकदां चालावयास सांगावें.