माणशी दहा चौरस मीटर

शिरगणतीवाल्याचं काम सोपं असतं. दार वाजवायचं, "घरात किती माणसं?" विचारायचं आणि आकडा टिपून घ्यायचा. पण ज्या घराचं दारच तीन हजार वर्षांपूर्वी गेलं, तिथे वाजवायचं काय?

पुराणवस्तुसंशोधक मंडळी अशा वेळी घराची जमीन मोजतात. राऊल नॅरोल या अमेरिकन विद्वानानं १९६२ साली हिशेब मांडला, की छपराखालची जागा माणशी साधारण दहा चौरस मीटर धरावी. मी पडलो बी. कॉम.! लगेच आमच्या पावणेतीनशे चौरस फुटांना हे कोष्टक लावून पाहिलं. उत्तर आलं, अडीच माणसं. घरात आम्ही सहा जण, शिवाय मेहुणा. (तो मोसमी आहे.) उद्या कोणी आमची चाळ उकरलीच, तर निम्मी जनता कुठल्यातरी साथीत गेली असं खुशाल लिहील!

म्हणून ही मंडळी एकाच पुराव्यावर विसंबत नाहीत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराला वस्ती बसली. पुढे ऐसपैस चौकोनी घरं, सातूची शेती, पाटाचं पाणी, सगळं झकास. इ.स.पूर्व १००० नंतर मात्र घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. उत्तर दख्खनमधल्या बहुतेक गावांनी तेव्हाच गाशा गुंडाळला होता. ढवळीकरांनी बोट दाखवलं ते आटलेल्या पावसाकडे; सगळ्यांना ते पटलेलं नाही. इनामगावनं ७०० पर्यंत तग धरला. मग व्यवहार बंद. आमच्या बँकेत दोन वर्षं उलाढाल नसली की खातं निष्क्रिय होतं. हे सत्तावीसशे वर्षं तसंच पडून होतं.

घरांखालोखाल दुसरा पुरावा दफनांचा. इनामगावात दोनशेहून अधिक सापडली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. आणि खड्डा कुठे, तर राहत्या घराच्या जमिनीत! अभ्यासकांना यावरून बालमृत्यूचा अंदाज बांधता येतो. पण त्याच जमिनीवर रोज चूल पेटत असणार, दुसरं एखादं मूल रांगतही असणार.

बायकोला हे सांगितलं. म्हटलं, घरातच का पुरत असतील?

"मग काय, लांब ठेवायचं?" ती म्हणाली, आणि धाकट्याचं पांघरूण सारखं करायला उठली.