नव्वद नंबर

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बोलायला लागला, की आपल्याकडे पहिला विचार होतो तो तेलाचा. घरातलं म्हातारं माणूस खोकायला लागलं की आधी काढा होतो, तसाच. तेल स्वस्त आणि गिअरबॉक्स खोलणं महाग, तेव्हा ही वाट सगळ्यांनाच बरी वाटते. आमच्या बेळगावच्या गॅरेजांत मराठी, कानडी, हिंदी अशा तिन्ही भाषा चालतात. पण ‘नव्वद नंबर’ म्हटलं की कुठल्याही भाषेतला पोऱ्या नेमका गिअर ऑईलचाच डबा आणून देतो.

आमची मारुती ८०० ही १९९७ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घेत ती चालवली. पुढे रात्री समोरच्या दिव्यांनी माझे डोळे दिपू लागले, तेव्हा विकायचं ठरवलं. तोवर तिला तीन खोडी जडल्या होत्या. चालताना घूंऽ असा सूर, तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना कर्रऽ, आणि उतारावर कधीकधी दुसरा गिअर आपला आपण सुटायचा. गिऱ्हाईक मिळालं ते खानापूरकडचं. तरुण माणूस, दर आठवड्याला बायको आणि लहान पोराला घेऊन चोर्ला घाटातून म्हापशाला जाणारा.

एका गॅरेजवाल्यानं उपाय सांगितला, ‘‘सर, एकशेचाळीस घालूया की. आवाज गप होतोय बघा. गिऱ्हाईक काय इंजिनियर घेऊन येतंय?’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जाड तेलाचा थर दात्यांच्या फटीत बसतो आणि आवाज दबतो. पूर्वी काही दलाल गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून गाडी खपवत, असं ऐकलं होतं. त्या मानानं हा उपाय सभ्यच म्हणायचा.

मी उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी माझा नंबरांचा गोंधळ सोडवला. इंजिन ऑईलचा चाळीस आणि गिअर ऑईलचा नव्वद हे आकडे एका फूटपट्टीवरचे नव्हेत. गिअर ऑईलचं नव्वद हे जाडीला इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच असतं. एकशेचाळीस मात्र गरम झाल्यावरही त्याहून खूपच दाट. माणसं नुसता आकडा पाहतात आणि नव्वद म्हणजे डांबर समजतात.

मग त्यांनी डब्यावरचं दुसरं अक्षर दाखवलं. जीएल-४ आणि जीएल-५. पाच मोठा म्हणून पाच चांगला, हा हिशेब इथं चालत नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसाची रसायनं जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट. ती हवीत मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलला. तिथं दाते एकमेकांवर घासत, घसरत फिरतात. मारुतीत तसले दातेच नाहीत. तिच्यात आहेत पितळी सिंक्रो रिंगा. गिअर बदलताना ही रिंग गिअरच्या निमुळत्या गळ्याला घट्ट धरते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दाते जुळतात. म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच. तेल फार बुळबुळीत झालं तर तिची पकड सुटते. वर त्या रसायनांपैकी काही गरम तेलात पितळेला खातातही. आणि तेल फार दाट असेल, तर रिंगेखालचा थर वेळेत निघत नाही. सकाळच्या गारठ्यात तर मुळीच नाही. आवाज गप होतो, पण रिंग रोज झिजते.

‘‘झिजलेल्याला जास्त जाड तेल नको सर, बरोबर तेल पाहिजे,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘मापानं घाला. आवाज राहिला तर राहू दे. तो कुठनं येतोय ते तरी कळतंय.’’

गाडी चार मैल फिरवून तेल गरम केलं. त्यांनी आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहिलं, मगच खालचा सोडला. तेल काढून बसलं आणि भरायचा बोल्ट सुटलाच नाही, तर गाडी तिथंच अडकते. कापडावर तेल चोळलं. सोनेरी भुकटी दिसली. ती पितळेची, वयाची. पण बोटाला पोलादाची दोन बारीक कणं लागली, तसे ते गप्प झाले. एका सीलमधून तेल पाझरून पातळीही थोडी खाली गेली होती. सील बदललं. जीएल-४ चं ८०डब्ल्यू-९०, सुमारे दोन लिटर, भोकाच्या काठापर्यंत भरलं.

कर्रऽ निम्म्यानं कमी झाली. घूंऽ थोडा राहिला. मग पिरनवाडीपुढच्या उतारावर मिस्त्री म्हणाले, ‘‘दुसऱ्यात घ्या, ॲक्सिलेटर सोडा, दांडीवरचा हात काढा.’’ दांडी टक्कन मधे आली.

हे मात्र कुठल्याही तेलाचं काम नव्हतं. घाट उतरताना दुसरा गिअर गाडी धरून ठेवतो. तो सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक शेवटी पकड सोडतात. एकशेचाळीसनं सूर दाबला असता. चोर्ल्याच्या वळणावर ही दांडी तशीच मधे आली असती, आणि गाडीत ते पोर असतं.

गिअरबॉक्स खोलला. दुसऱ्याचे जुळणारे दाते टोकाला गोल झाले होते, फोर्कही झिजला होता. गिअर, रिंग, फोर्क बदलले. ठरलेल्या किमतीचा चौथा हिस्सा त्यात गेला. बेअरिंगचा सूर थोडा होता, तो तसाच ठेवला आणि घेणाऱ्याला ऐकवला. त्यानं आणखी दोन हजार कमी केले. मी दिले. डब्यावरचं नाव आणि अक्षरं कागदावर लिहून तो कागद पुढच्या कप्प्यात ठेवला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. ‘‘सर, घाट उतरलो. दुसरा सुटला नाही. पण तो आवाज येतोय हं अजून.’’

‘‘वाढलाय?’’

‘‘नाही, तेवढाच आहे.’’

‘‘मग ऐकत राहा,’’ मी म्हटलं. ‘‘वाढला की मिस्त्रींकडे घेऊन या.’’